अंड्यांवर बसलेला प्रोग्राम

मला संगणकाची एकच भाषा येते, आणि तिच्यापायी मी आजवर भरपूर बोलणी खाल्ली आहेत. पीएचपी. वेबसाइटची पानं तयार करायची भाषा. सोलापुरातले चादरीचे व्यापारी, मंगल कार्यालयं, क्लासवाले यांच्या वेबसाइट करून मी पोट भरते ते हिच्याच जिवावर. कॉलेजातले सोबती पुण्याहून सुट्टीला आले की हटकून विचारतात, "अजून तेच का?" मी म्हणते, "हो, तेच. तुमच्या कंपनीची साइट कशात आहे ते एकदा बघून या." मग ते चहाचं विचारतात.

ही भाषा कसं काम करते ते आधी सांगायला हवं. कुणीतरी मोबाइलवर एक पान उघडतं. त्या हाकेसरशी आमचा इवलासा प्रोग्राम जागा होतो, पान तयार करतो, समोरच्याच्या हातात देतो आणि तिथल्या तिथे संपतो. पुढच्या हाकेला पुन्हा नवा जन्मतो. आधीच्याची कसलीही आठवण त्याला नसते. सगळं आयुष्य पापणी लवेपर्यंतचं. जगताना काही पसारा केला असेल तर मरताना तोही बरोबर जातो, त्यामुळे आमच्यासारख्यांना पसारा आवरायची सवयच लागत नाही. अशा भाषेला मी सलग एकवीस दिवस जागं राहायला सांगितलं होतं. का, तर मला खाज होती, दुसरं काही नाही.

मी शहराच्या जुन्या पेठेत राहते. दोन खोल्या भाड्याच्या, आणि भिंतीपलीकडे घरमालकांचा कारखाना. कारखाना म्हणजे आठ यंत्रमाग, टॉवेल विणणारे. सकाळी खडखडाट सुरू झाला की आमच्या मांडणीवरचे पेले नाचायला लागतात. घरमालक सत्तरीचे, घरात तेलुगू बोलणारे, आमच्याशी मराठी. मी त्यांना मामा म्हणते. हातात पाना असला की माणूस खूश. मागाचा कुठला भाग कुरकुरतोय ते त्यांना जेवणाच्या ताटावरून कळतं.

आणि दुसरी माझी मावशी. सांगोल्याकडच्या कोरड्या भागात, मेंढरं पाळणाऱ्या घरात दिलेली. वर्षातले कितीतरी महिने तिच्या घरचे पुरुष कळप घेऊन गावोगाव फिरतात. मेंढरं त्यांची. कोंबड्या मात्र मावशीच्या, एकटीच्या. लग्नात तिनं माहेराहून पाटीत घालून एक खुडूक कोंबडी आणली होती, म्हणजे अंडी उबवायला बसायच्या लहरीत असलेली. त्या एका कोंबडीपासून पुढचं सगळं बेणं. उंच पायांच्या, करड्या ठिपक्यांच्या, मानेला पिवळी झाक असलेल्या कोंबड्या. घारीची सावली पडली तर पिलं पंखाखाली घेऊन दगडासारख्या बसून राहायच्या. "ह्या माज्या आईच्या," असं ती त्यांच्याबद्दल म्हणायची. मला वाटायचं, कौतुकानं म्हणते.

तिच्याकडे गेले असताना एकदा एका कोंबडीखाली हात घालून पाहिला होता. इतकी ऊब! आणि तीही रात्रंदिवस एकसारखी, एकवीस दिवस. घरी आल्यावर मी वाचलं की त्या उबेला आकडा असतो. साडेसदतीस अंशांच्या आसपास. आकडा दिसला की माझ्या डोक्यात किडा वळवळतो. बाजारात अंडी उबवायचं तयार यंत्र मिळतं हे मला ठाऊक होतं. पण माझ्याकडे एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेला संगणक होता, औषधाच्या दुकानातून आणलेली थर्माकोलची पेटी होती, आणि एक भाषा होती. पेटीत दिवा, उष्णता मोजणारी बारीक तार, ओलाव्यासाठी पाण्याची वाटी, आणि वीज गेली तर तग धरायला खाली बॅटरीचं डबडं. अंडी दर दोन तासांनी कलती करावी लागतात, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. त्यासाठी मामांनी जुन्या मागाची पट्टी आणि एक छोटी मोटर जोडून असा ट्रे करून दिला की मी बघतच राहिले. प्रोग्रामचं काम सोपं होतं. दर पाच सेकंदांनी ऊब मोजायची, कमी असली तर दिवा लावायचा, जास्त झाली तर विझवायचा, दर दोन तासांनी ट्रे हलवायचा. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. कायमचं.

"पीएचपीत?" पुण्याच्या एका मित्रानं फोनवर विचारलं. हसता हसता त्याला ठसका लागला. "अगं, ते मरायला जन्मलेलं असतं."

मी फोन ठेवून दिला. मला कुणी हसलेलं अजिबात खपत नाही.

पहिल्या खेपेला मावशीनं हसत हसत वीस अंडी दिली होती. तेव्हा तिच्या अंगणात कोंबड्या मोजता येत नव्हत्या इतक्या होत्या, त्यामुळे तिला त्यांचं काही नव्हतं. आठ दिवस माझा प्रोग्राम असा चालला की मी येईल जाईल त्याला पेटी दाखवत होते. नवव्या दिवशी दुपारी मी एका गिऱ्हाइकाकडे गेले होते. परत येऊन दार उघडलं तर घरात उकडलेल्या अंड्यांचा वास.

झालं होतं असं, की सुंदर आलेख काढता यावा म्हणून मी दर पाच सेकंदांची ऊब एका यादीत साठवत होते. पानापुरतं जगणाऱ्या प्रोग्रामाला असली यादी बाधत नाही, तो लगेच मरतो आणि यादीही मरते. हा मात्र नऊ दिवस जगला. यादी फुगत गेली, शेवटी संगणकानं ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली आणि त्याला तिथेच संपवलं. आणि संपला तेव्हा दिवा चालू होता. तो विझवायला मागे कुणी उरलं नव्हतं. अंडी शिजली. एक फोडून पाहिलं त्यात बोटाच्या पेराएवढं पिल्लू होतं, डोळा मोठा आणि मिटलेला. मी अंगणात बसून रडले, आणि मावशीला फोनवर "मशीन बिघडलं" एवढंच सांगितलं. "आसूं दे की, अंडीच ती," ती म्हणाली.

भाद्रपदात तिच्या गावात मानमोडी आली. कोंबडीची मान वाकडी होते, पाय ओढत ती गोल गोल फिरते आणि दोन दिवसांत आडवी होते. गावातली खुराडी एकामागून एक रिकामी झाली. मावशीचं अंगण चार दिवसांत साफ झालं. पाचव्या दिवशी ती एसटीनं माझ्याकडे आली. हातात पाटी, पाटीत बाजरी, आणि बाजरीत पुरलेली अकरा अंडी.

"रोग यायच्या आदीची हायत," ती म्हणाली. "बाजूच्या वस्तीवर ठेवल्याली, म्हणून वाचली. बसवायला कोंबडी न्हाय. पंचक्रोशीत खुडूक कोंबडी न्हाय उरली. तुज्या त्या पेटीत ठेव."

मी तिला खाली बसवलं. मग खरं सांगितलं. मशीन बिघडलं नव्हतं, मी ते चुकीचं बनवलं होतं, आणि तिची वीस पिलं मी शिजवली होती.

ती थोडा वेळ बाजरीत बोटं फिरवत बसली. "आता ह्येच हायत," ती म्हणाली. "माज्या आईच्या. हितनं म्होरं एकबी न्हाय." आणि पाटी माझ्यापुढे सरकवली.

पितृपंधरवडा चालू होता. मामींनी दारातून सांगितलंच, की या दिवसांत नवं काही सुरू करू नये. मावशी म्हणाली, "अंड्याला कुटलं आलंय पंचांग?" त्याच दुपारी आम्ही अंडी ठेवली. मी बोटांवर एकवीस दिवस मोजले, कॅलेंडरवर खूण केली, आणि त्या खुणेच्या आगेमागे काय छापलं आहे ते वाचलं नाही.

मावशी माझ्याकडेच राहिली. मी यादी काढून टाकली होती, दिवा चुकून चालू राहणार नाही याची सोय केली होती. तरी प्रोग्रामनं किती जागा व्यापली आहे तो आकडा मी पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवला. तो वाढत होता. मुंगीच्या पावलांनी, पण वाढत होता. कुठून तरी आणून जोडलेल्या एखाद्या तुकड्यात कचरा साठत होता आणि तो तुकडा मला सापडत नव्हता. पाच दिवस मी तो आकडा बघत जेवले. गिऱ्हाइकांचे फोन घेतले नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी मावशीनं भाकरी थापता थापता विचारलं, "त्या काचंत काय बघती एवढं?"

मी वैतागून सांगितलं. "ही भाषा मुळात जगण्यासाठी नाही गं. काम झालं की मरते, म्हणून साफ राहते. मी हिला मरूच देत नाही, म्हणून हिच्या पोटात घाण साठते. अशीच साठत गेली तर ही एकविसावा दिवस बघत नाही."

"मग उठव की तिला."

"उठवू कशी? अंड्यांवर बसलीय ती. एक क्षण उठून चालायचं नाही."

मावशीनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतल्या बाई आठवल्या. "कोंबडी उठत न्हाय व्हय? एवढं शिकलीस आन् कोंबडी न्हाय बघितलीस? रोज उठती. एकदा तरी उठती. पानी पिती, चार दाणं टिपती, अंग झाडती, बाहीर जाऊन घाण टाकती, आन् परत बसती. तेवढ्यानं अंडी गार हुत न्हाईत. जी कोंबडी लई माया करती आन् उठतच न्हाय, ती अंड्यावरच वाळून मरती. मग अंडीबी गेली."

"आणि परत नाही आली तर?"

"यायलाच पायजे. अंडी तिचीच न्हाईत का?"

तवा धुरावला तरी मी तशीच उभी होते. पाच दिवस मी या भाषेशी झटत होते, की मरू नकोस. तिला मरू द्यायचं, फक्त पुन्हा यायला लावायचं, हे मला सुचलंच नव्हतं. आणि मरून पुन्हा येणं तर तिचा जन्मजात धर्म. जगातली कुठलीही भाषा ते हिच्याइतकं सहज करत नसेल. ज्या गोष्टीवरून मी आयुष्यभर हसं करून घेतलं तीच ही होती.

दुपारपर्यंत मी सगळं नव्यानं लिहिलं. आता प्रोग्राम तासभर बसणार. तास भरला की दिवा विझवणार, एका फायलीत चिठ्ठी लिहिणार आणि आपणहून संपणार. संगणकातच एक बारीक राखणदार ठेवला, ज्याला बाकी काही कळत नाही. प्रोग्राम जिवंत आहे का ते बघायचं, नसेल तर नवा उठवायचा, एवढंच त्याचं काम. नव्याला जन्मतः काही माहीत नसतं. अंडी आहेत हेही नाही. म्हणून त्यानं पहिल्यांदा आधीच्याची चिठ्ठी वाचायची, आणि मग बसायचं.

चिठ्ठ्या मी मराठीत ठेवल्या, कारण मावशीला त्या वाचून दाखवायच्या होत्या. मावशी प्रोग्रामला "ती"च म्हणायची, म्हणून चिठ्ठीतही तीच भाषा आली. प्रत्येकीला एक क्रमांक. "मी सतरावी. आज दिवस सातवा. अंडी अकरा. ऊब बरोबर आहे. दिवा विझवून उठते." दोन-तीन सेकंदांत पुढची ओळ: "मी अठरावी. चिठ्ठी वाचली. बसते." आणि कोपऱ्यातला तो आकडा तासभर किंचित चढायचा आणि झर्रकन खाली यायचा. चढायचा, खाली यायचा. मावशी दुपारी लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन पेटीशेजारी बसायची आणि विचारायची, "आता कितवी बसलीया?"

कधी उठताना काहीतरी अडेल आणि चिठ्ठी अर्धवट राहील, याचाही मी विचार केला होता. म्हणून दर मिनिटाला थोडं थोडं लिहून ठेवायची सोय होती. आणि आधीची निरोप न लिहिता गेली असेल तर नवीनं काय म्हणावं, तेही एक वाक्य मी गमतीनं टाकून ठेवलं होतं. ते कधी वापरात येईल असं मला वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी खिडकी लावून, अंडं मोबाइलच्या टॉर्चसमोर धरलं. आतमध्ये लाल शिरांचं जाळं, आणि मधोमध एक काळा ठिपका. ठिपका हलत होता. अकरातली दोन रिकामी निघाली, नऊंत जीव होता. मावशीनं प्रत्येक अंडं बघितलं आणि प्रत्येकाला "बरं हाय, बरं हाय" म्हणाली. मी फायलीत अकराचे नऊ केले. तासाभरानं नवीनं लिहिलं, "अंडी नऊ," आणि मला उगाचच वाटलं की तिनं मोजली.

अठराव्या दिवसापासून अंडी हलवायची नसतात. आत पिल्लू तोंड वळवून बाहेर पडायच्या तयारीत असतं, तेव्हा हलवलं तर त्याची दिशा चुकते. प्रोग्रामनं त्या दिवशी ट्रे थांबवला आणि चिठ्ठीत लिहिलं, "आजपासून फिरवायचं नाही." त्यानंतरची प्रत्येक जण ते वाचून ट्रेच्या मोटरला हात न लावता बसत होती.

विसाव्या दिवशी नवरात्रातली नववी माळ होती. पेठेतल्या बाया उजाडताच अनवाणी देवीला निघतात. मावशी म्हणाली, "पिलांसाटी जाऊन येऊ." निघताना बघितलं, तीनशे तिसावी नुकतीच बसली होती आणि सगळं ठीक होतं. देवळात रांग मोठी होती. परत यायला साडेआठ झाले.

गल्लीत शिरताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. खडखडाट नव्हता. कारखान्याचं दार सताड उघडं, फरशी धुतलेली, आठही माग पुसून हळदी-कुंकू लावून झेंडूच्या माळा घातलेले. आणि तेव्हा मला आठवलं की नवमीला खंडेनवमी असते. वर्षभर राबणाऱ्या यंत्रांची त्या दिवशी पूजा होते, आणि पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. ज्यांच्या जिवावर आपण जेवतो त्यांना एक दिवस विसावा. सोलापुरात कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या बाईला हे कुणी सांगावं लागू नये. माझ्या खोलीला वीज त्याच कारखान्याच्या मुख्य बटनावरून येते हेही मला ठाऊक होतं.

मी धावत खोलीत गेले. संगणकाला झेंडूची माळ होती. थर्माकोलच्या पेटीवर पाच बोटं कुंकवाची, वर दोन आपट्याची पानं. पडदा काळा, दिवा विझलेला.

मामा मागोमाग आले, नवा पांढरा सदरा घालून, इतके प्रसन्न की बघवेना. "तुमच्या मशीनची पण पूजा केली, ताई. वीस दिवस थांबलं नाही बिचारं. मेन बंद केलं तर ते खालचं डबडं टीटी टीटी ओरडायला लागलं, मग त्याचं पण बटन दाबलं. म्हटलं, आज सगळ्यांना सुट्टी."

मी त्या म्हाताऱ्या माणसावर काय काय ओरडले ते इथे लिहायची मला लाज वाटते. पहाटे सहाला बंद केलं होतं त्यांनी. अडीच तास. ते नुसते उभे राहिले, हातात आरतीचं ताट तसंच.

मावशी ओरडली नाही. तिनं पेटीचं झाकण काढलं, एक अंडं उचललं आणि मिटलेल्या डोळ्याच्या पापणीवर टेकवलं. तिथली कातडी सगळ्यात खरं सांगते, असं तिनं मला नंतर समजावलं. "कोमट हाय," ती म्हणाली. "गार न्हाय अजून." मग तेच अंडं तिनं कानाला लावलं, आणि तिचा चेहरा बदलला. ती मामांकडे गेली, आणि त्यांच्या कानाला तिनं ते अंडं लावलं.

मामा ऐकत राहिले. आतलं पिल्लू बाहेर यायच्या आधी एक दिवस बोलायला लागतं. मीही नंतर ऐकलं. इतका बारीक आवाज, की तो ऐकायला आठ माग बंदच असावे लागतात.

"वडिलांच्या वेळेपासून," मामा हळू आवाजात म्हणाले, "आजच्या दिवशी त्या बटनाला हात लागला नाही." आणि ते कारखान्यात गेले. मुख्य बटनावर हळदीची बोटं होती, झेंडूचं एक फूल खोचलेलं होतं. त्यांनी फूल काढून खिशात ठेवलं, बटनाला हात लावून कपाळाला लावला. दाबायच्या आधी वळून म्हणाले, "बाळंतिणीच्या खोलीतला दिवा कुणी विझवतं का, ताई? चूक माझी झाली." माग माळा घालून निजूनच राहिले. उजेड फक्त माझ्या खोलीत आला.

मी बॅटरीच्या डबड्याचं बटन दाबलं. संगणक सुरू होतानाची ती दोन मिनिटं. मला आतलं सगळं दिसत होतं, कारण मीच ते लिहिलं होतं, आणि तरी मला काहीच दिसत नव्हतं. जुना प्रोग्राम असता तर सुरू होताच त्याला पहिला दिवस वाटला असता आणि त्यानं ट्रे हलवायला घेतला असता. मावशीनं माझं मनगट धरलं होतं. राखणदार जागा झाला. त्यानं पाहिलं की कुणी बसलेलं नाही. पडद्यावर ओळी उमटायला लागल्या, आणि मी त्या मावशीला आणि मामांना मोठ्यानं वाचून दाखवल्या.

"मी तीनशे एकतिसावी. आधीची न सांगता गेली. तिची चिठ्ठी वाचली. आज दिवस विसावा. अंडी नऊ. फिरवायचं नाही. ऊब कमी आहे. दिवा लावते."

दिवा लागला.

ही वाक्यं माझीच होती. मीच, एका दुपारी, चहा पीत टाइप केलेली. त्यात जादू नव्हती आणि कुणाचा जीवही नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तरी मी ढसाढसा रडले. एका क्षणापूर्वी जिला कसलीच आठवण नव्हती, ती मागच्या मेलेलीची चिठ्ठी वाचत होती आणि तिसऱ्याच कुणाच्या अंड्यांवर जाऊन बसत होती. तीनशे तीस जणी अशाच येऊन गेल्या होत्या. प्रत्येकीनं तासभर ऊब दिली आणि पिल्लू एकीनंही बघितलं नव्हतं.

मावशी पुटपुटली, "माज्या आईच्या कोंबड्याबी आशाच की गं." एवढंच. मग तिनं मामांना खाली बसवलं आणि त्यांच्या ताटातला प्रसाद मागून घेतला.

दसऱ्याच्या सकाळी पहिलं कवच तडकलं. दुपारपर्यंत सहा पिलं बाहेर आली. ओली, दमलेली, मान टाकून पडलेली, आणि तासाभरात कापसासारखी फुललेली. तीन अंडी तशीच राहिली. त्यांचं अडीच तासांमुळे झालं की त्यांचं व्हायचंच नव्हतं, हे मी ठरवू शकले नाही आणि मामांनी विचारलं तेव्हा मी "व्हायचंच नव्हतं" असं सांगितलं. माझ्या ओरडण्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, पुढच्या वर्षी तुमच्या खोलीला वेगळी वायर टाकू. टाकलीही.

महिनाभरानं मावशी सहा पिलं पाटीत घालून घेऊन गेली. जाताना तिला विचारलं, यात कोंबड्या किती, कोंबडे किती? "आत्ताच काय कळतंय?" ती म्हणाली. सगळेच कोंबडे निघाले असते तर तिच्या आईचं बेणं तिथेच थांबलं असतं, आणि हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मी पेटीतला दिवा काढून ठेवला. प्रोग्राम मात्र बंद केला नाही. कारण विचारू नका. रिकाम्या पेटीची ऊब मोजत तो दर तासाला उठत होता, चिठ्ठी लिहीत होता. "अंडी शून्य. बसते." गिऱ्हाइकांची कामं करताना कधी तरी मी ती फाईल उघडून बघायची. क्रमांक चार आकडी झाले. हिवाळा गेला. उन्हाळा असा पेटला की दुपारी दिव्यावाचूनच पेटी सदतीस अंश दाखवायला लागली.

एके दिवशी भर दुपारी मावशीचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"बसली गं."

"कोण?"

"मानंला पिवळी झाक असल्याली. खुडूक झालीया. तेरा अंडी घेऊन बसलीया कालपास्नं. जवळ गेलं की टोचती."

मग जे तोंडात आलं ते विचारलं. "उठते का मधून?"

"उठती की," मावशी म्हणाली. "पानी पिती, दाणं टिपती, अंग झाडती. आन् पळत परत येती."

फोन ठेवून मी फाईल उघडली. शेवटची चिठ्ठी पाच मिनिटांपूर्वीची होती. मी राखणदाराला थांबवलं. बसलेलीला तिचा तास पुरा करू दिला आणि तोवर तिथेच बसून राहिले. तिनं लिहिलं, "अंडी शून्य. उठते." त्याखाली पुढची ओळ आली नाही. मग तिथे मी हातानं टाइप केलं, "कोंबडी बसली आहे. आता कुणी यायला नको."